शिंगाड्यांची टोपली

मी चित्रकलेच्या तिसऱ्या वर्षाला. गोंदियाच्या बाजारात शिंगाडे विकणाऱ्या एका बाईची टोपली मला काढायची होती. पण तिचा हात थांबेल तर शपथ! सारखं पाणी शिंपडायची, खालचे शिंगाडे वर घ्यायची, वरचे खाली सारायची. दर वेळी माझं रेखाटन अर्धवट राहायचं.

चौथ्या दिवशी मी वैतागलेच. "मावशी, पाच मिनिटं हलवू नका ना!"

"काऊन वं पोरी? हालवलं नाही त खालचे सडून जाते."

चिडून घरी आले. टेबलावर माझा पितळी लोटा होता. तीन वर्षं तोच, त्याच जागी, त्याच कोनातून रंगवत आले होते. तो उचलला. खालच्या कापडावर हिरवा गोल डाग पडला होता.

लोटा बाजूला ठेवला आणि डाग रंगवायला बसले.