मालडब्याच्या पोटाखालची खूण

बाल्कनीत थंडीचं ऊन उतरलंय, आणि माझ्या बोटांना चिकटवायच्या औषधाचा उग्र वास येतोय. कारखान्यातल्या रंगाच्या शेडमध्ये असाच वास भरून राहिलेला असायचा, म्हणून मी हात धूत नाही. लेक ओरडते. ओरडू दे.

लेक आणि जावई दोघंही इथे उत्तरेतल्या या शहरात, सेक्टर बत्तीसच्या इस्पितळात डॉक्टर. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं रेल्वेचे मालडबे जोडता जोडता शिकलो. जावईबापूंना खेळण्यातल्या आगगाड्यांचं भारी वेड. टेबलभर रूळ, त्यांवर विकतचे तयार डबे, चकचकीत, सगळे एकाच तोंडवळ्याचे. मी एकदा बोलून गेलो, "छान आहेत, पण यात तुम्ही काय केलंत?" ते हसले, आणि दुसऱ्याच दिवशी एका मालडब्याच्या सुट्या भागांचा खोका माझ्यापुढे ठेवला. "जोडा बाबा. रविवारी माझ्या इंजिनामागे धावला पाहिजे."

सोबतच्या कागदावर चित्रं होती. पण जन्मभर खरे डबे जोडलेल्या माणसाने चित्रं बघायची? आमची रीत ठरलेली: सांगाडा, भिंती, छप्पर, आणि शेवटी अख्खा डबा क्रेनने उचलून चाकांच्या ट्रॉलीवर अलगद टेकवायचा. मी तसंच करत गेलो. छप्पर पक्कं चिकटवलं, ट्रॉली हातात घेतली, तर तिचा स्क्रू डब्याच्या आतून बसणारा!

"हद है बाबा! एकदा कागद तर बघायचा," लेक म्हणाली. "नवा तयार डबा मागवू का? ह्यांना कळायचंसुद्धा नाही."

"मला कळेल ना!"

तेव्हा आमचे मिस्त्री आठवले. गालात तंबाखू, कानावर खडू. पहिल्याच महिन्यात एक दार त्यांनी माझ्याकडून तीनदा उतरवून घेतलं होतं. चौथ्यांदा ते नीट सरकलं, तेव्हा मी पठ्ठ्या आनंदाने स्वतःच पास झाल्याची खडूची खूण करायला धावलो. त्यांनी माझ्या हातातला खडू काढून घेतला. "जोडणाऱ्याने पास करायचं नसतं रे, दुसऱ्याने करायचं." मग स्वतः डब्याच्या पोटाखाली वाकून त्यांनी खूण केली. ती खूण म्हणजे पाठीवरची थापच, मला अजून पुरते आहे.

दोन दुपारी ब्लेडने खरवडून छप्पर सोडवलं. एक कोपरा उडाला, पण आतून स्क्रू कसून छप्पर पुन्हा बसवलं. रविवारी डबा इंजिनामागे लागला, वळणावर जरा लंगडला, पण गडी फेरी पुरी करून आला!

जावईबापूंनी तो उलटापालटा करून पाहिला. "कोपरा तुटलाय, बाबा."

"असू द्या. रांगेत ओळखू येईल."

मग मी त्यांना छपराची फजिती सांगितली, मिस्त्रींची गोष्टही. त्यांनी लेकीच्या शिवणाच्या पेटीतून खडू आणला, आणि डब्याच्या पोटावर बरोबरची बारीकशी खूण केली.

कारखान्यातली खूण चार स्टेशनांत पुसून जायची, डबा मात्र वर्षानुवर्षं देशभर फिरायचा. हीही पुसेल, लेक फडकं घेऊन टपलेलीच असते. पुसू दे. मी आज पास झालोय.