गौरीखालची वही

आमच्या घरातली थोरली गौर दर वर्षी दूध संस्थेच्या जुन्या रजिस्टरांवर उभी राहते. हे देवीला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे आणि सुनेला ठाऊक आहे. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांना ठाऊक नाही, कारण वरून साडीच्या निऱ्या येतात. झालं असं की गौरींच्या दोन लोखंडी स्टँडांपैकी एकाचा पाय वाकला, तो कापून सरळ केला, आणि थोरली धाकटीपेक्षा चार बोटं बुटकी झाली. नवं स्टँड आणायचं दर भाद्रपदात ठरतं. मुलगा पूर्वी दूध संस्थेचा सचिव होता, त्याच्या काळातली जाडजूड रजिस्टरं कोनाड्यात पडून असतात. त्यातली चार खाली सरकवली की दोघी बहिणी सारख्या.

गौरी बसल्या की मग त्यांना हात लावायचा नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी थोडीशी हलवायची, हलवली की विसर्जन झालं. त्याआधी हलवली तर माहेराला आलेल्या लेकीला जेवणावरून उठवल्यासारखं. हा नियम मीच सुनेला शिकवला, लग्न होऊन शिरूरला आली त्याच वर्षी, बोट नाचवून.

गेल्या भाद्रपदात नात पुण्याहून आली ती पाठीवर भली मोठी सॅक घेऊन. ती सीएची शेवटची परीक्षा देते. तीन वर्षं एका फर्ममध्ये उमेदवारी केली, लोकांच्या कारखान्यांत जाऊन गोदामातली पोती मोजली, साहेब लोकांच्या सह्या तपासल्या. शेवटच्या परीक्षेचे दोन ग्रुप असतात. एक सुटला होता, दुसरा दोनदा अडकला होता. दुसऱ्या खेपेला तर तिन्ही विषयांत पास होती, पण तिन्हींची मिळून जेवढी बेरीज लागते तिच्यात सहा मार्क कमी पडले. भावकीतल्या एका बाईनं विचारलं, "समद्यात पास आन् तरी नापास, ही कंची परीक्षा म्हनायची?" पोरीनं त्या दिवशी ताटावरून उठून भांडी घासायला घेतली. आमच्याकडे भांड्यांना बाई आहे.

या वेळी पहिला पेपर विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी होता, दुपारी दोनला, पुण्यात. तिनं ठरवलं होतं की गौरी बसवायला यायचं, पूजनाचं जेवायचं आणि चारच्या यष्टीनं परत जायचं. आणि माझ्या मुलानं, तिच्या बापानंही, एक ठरवलं होतं. एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंटला जागा होती. तिथल्या साहेबांनी ओळखीखातर ती सणापुरती राखून ठेवली होती.

"परीक्षेला बसलीस तर म्या काय बोलत न्हाई," तो तिला म्हणाला होता. "पन बसनार नसशील तर ही नोकरी घ्यायची. आता आनखी थांबायचं न्हाई."

नोकरी वाईट नव्हती. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी घरी, दिवसभर बिलं भरायची, मालाची गाडी सुटायच्या आधी तिचे कागद करायचे. पण त्या खुर्चीत बसून पुढं कुणी सीए झाल्याचं आमच्या पाहण्यात नाही. पोरीलाही ते माहीत होतं. तिच्या डोक्यात शिरूरच्या बाजारपेठेत स्वतःचं ऑफिस होतं, दारावर स्वतःच्या नावाची पाटी. ती पाटी मराठीत करायची का इंग्रजीत, यावर आमची दोघींची फोनवर भांडणं झाली होती.

पूजनाच्या दिवशी आरती झाली, पुरणपोळी झाली, सोळा भाज्यांचा नैवेद्य झाला. दीड वाजता नात सॅक भरायला बसली आणि जरा वेळानं तिचा आवाज आला.

"आजी, माझं हिरवं रजिस्टर बघितलंस?"

हिरव्या पुठ्ठ्याचं, जाड. त्याला ती चुकांची वही म्हणायची. दोन परीक्षांत आणि सरावाच्या पेपरांत केलेली एकेक चूक तिनं त्यात लिहिली होती आणि खाली लाल पेनानं बरोबर काय ते. शेवटच्या दीड दिवसात फक्त तेवढंच वाचायचं असतं, पुस्तकं तेव्हा कामाची नसतात, असं तिनंच मला समजावलं होतं.

घर उलटंपालटं केलं. पलंगाखाली, फडताळात, गाडीच्या डिकीत. शेवटी सून कोनाड्यापाशी उभी राहिली, तिथली रजिस्टरं मोजली आणि हळू आवाजात म्हणाली, "आत्या, हितं दूध संस्थेची येक वही जास्तीची उरलीय."

आम्ही सगळे थोरल्या गौरीच्या पायांकडे बघायला लागलो. जरीच्या काठामागून हिरवा पुठ्ठा बोटभर दिसत होता.

"काढू या का?" मी विचारलं.

"आत्या, तुम्हीच म्हन्ता हलवायची न्हाई म्हनून," सून म्हणाली. "वर्साचा सन हाय. उद्या दुपारी इसर्जन झालं की काढू."

"उद्या दुपारी काढली की पुण्यात जाईपर्यंत रात्र," नात म्हणाली. "परवा दोनला पेपर."

मग तिनं सॅकची चेन ओढली आणि सरळ आवाजात म्हणाली, "जाऊ दे. नाही बसत या वेळी. देवीच्याच मनात नसेल."

"मंग फोन करू कंपनीत?" मुलानं विचारलं.

"करा."

"साहेब चारला भेटत्यात. चारला करतो," असं म्हणून तो पडायला गेला. पुरणपोळीनं सूनही पेंगुळली होती, तीही आत गेली.

मी मात्र पोरीच्या खांद्यांकडे बघत होते. 'करा' म्हणताना ते खाली आले होते. दोन महिने कानाला लागलेले खांदे, त्या एका शब्दासरशी सैल. मला ते खांदे ओळखीचे होते. एके काळी ते माझ्याच अंगावर होते.

"ये, बस इथं," मी म्हणाले. "काल रजिस्टरं कोनाड्यातून काढून माझ्या हातात कोण देत होतं गं?"

"मीच."

"तीन करड्या पुठ्ठ्यांची दिलीस. चौथं?"

ती गौरीकडे बघत राहिली. "आठवत नाही, आजी."

"मलाही तेव्हा असंच आठवत नव्हतं," मी म्हणाले, आणि जे माहेरी-सासरी दोन्ही घरांत कुणाला सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं.

माझं माहेर दौंडचं. लग्न होऊन इकडे आले तेव्हा मी सहकार खात्याच्या हिशेबाच्या डिप्लोमाचा फॉर्म भरलेली विदुषी होते. पास झालं की सोसायट्यांचे हिशेब तपासता यायचे. मी परीक्षेच्या आधीपासूनच तपासायला लागले होते. शेजारणीची दुधाची स्लिप, वाण्याची चिठ्ठी, काही सोडत नव्हते. ब्लाउजला पेन अडकवून पाणी भरायला जायची. अशी कुणी सून माझ्या वाट्याला आली असती तर मी तिला पेनासकट आडात ढकलली असती. माझ्या सासूबाई मात्र मी अभ्यासाला बसले की माझ्या वाटणीच्या भाकऱ्या थापायच्या आणि आल्यागेल्याला सांगायच्या, "आमची सून साहेब व्हनार हाय."

परीक्षा पुण्यात. दौंडहून रेल्वे सोयीची, म्हणून मी माहेरी जाऊन राहिले. पहिल्या दिवसाचा पेपर बरा गेला. दुसऱ्या दिवशी हिशेब तपासणीचा होता, आणि त्यातलं मला फारसं येत नव्हतं हे फक्त मला माहीत होतं. बाकी सगळ्यांना मी पहिली येणार असं सांगून ठेवलं होतं. सकाळी दौंडच्या फलाटावर बाकावर बसले. गाडी आली. मी उठले नाही. म्हटलं, पुढच्या गाडीनं गेलं तरी पोचता येतं. पुढची आली. तेव्हा मी बटाटेवडा खात होते, अर्धा टाकून कसं जायचं. असल्या बुद्धीची मी. शेवटची गाडी गेली आणि माझे खांदे असे खाली आले.

मग दोन घरांना दोन थापा. माहेरी सांगितलं की सासरहून निरोप होता, घरात देवीचा गोंधळ आहे, लगेच निघायला सांगितलंय. सासरी सांगितलं की गाडीच उशिरा आली. दोन्ही पटल्या. सासूबाईंनी रेल्वेला शिव्या घातल्या. माझ्या वडिलांनी सासूबाईंना. लेकीचं शिक्षण सासरच्यांनी बुडवलं, असं ते शेवटपर्यंत पाहुण्यांत सांगत राहिले. सासूबाईंच्या कानावर ते यायचं. त्या मला एवढंच विचारायच्या, "तुझ्या वडलांचा आमच्यावर कशाचा राग हाय गं?" मी म्हणायचे, "त्यांचा स्वभावच तसला हाय." दोघंही गेले.

नात ऐकत होती. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. ती म्हणाली, "आजी, मी मुद्दाम नाही दिलं ते. आल्या आल्या मीच ते कोनाड्यात टेकवलं होतं. पण हातात आलं तेव्हा मला कळलं होतं की हे आपलं आहे. आणि मी दिलं."

"का?"

"पुन्हा सहा मार्क कमी पडले तर मी काय सांगू सगळ्यांना?"

घड्याळात सव्वातीन झाले होते. मी स्वयंपाकघरात गेले आणि हाताला आला तो पोळपाट घेऊन आले.

"देवीला कमरेला धर."

"आजी, आईला कळलं तर?"

"कळू दे. मुखवटा डुगडुगू देऊ नकोस. आणि वर बघू नकोस, माझ्याकडे बघ."

तिनं गौरीला मिठी मारल्यासारखं धरलं. मी गुडघ्यांवर बसले, जे गुडघे दोन वर्षांत जमिनीला लागले नव्हते. "उचल," म्हटलं. स्टँड बोटभर वर आलं. हिरव्या वहीचं टोक धरून ओढलं तर साडी त्यात अडकलेली. वर मुखवट्याच्या नथीचे मोती हलत होते आणि आतल्या खोलीत मुलगा खोकला. आम्ही दोघी तशाच थांबलो. खोकला थांबला. मी साडी सोडवली, वही ओढली, पोळपाट सरकवला. पोळपाट वहीहून जरासा उंच. थोरली गौर इतक्या वर्षांत पहिल्यांदा धाकटीपेक्षा थोरली झाली.

मी देवीला हात जोडले. म्हटलं, बाई, तूही माहेराला आलीस आणि हीही, तुमचं तुम्ही बघून घ्या.

नात पावणेचारला घराबाहेर पडली. वही तिनं सॅकमध्ये ठेवली नाही, छातीशी धरून नेली.

चारला मुलगा हातात मोबाईल घेऊन आला. "करू का फोन?"

"कुनाला?"

"कंपनीत."

"पोरगी गेली की पुण्याला."

"वही?"

"वही घेऊन."

त्यानं गौरीकडे बघितलं. गौर जागेवर होती. त्यानं मोबाईल खिशात घातला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सून म्हणाली, "आत्या, पोळपाट दिसना कुठं."

"आज ताटावर लाट."

ती हात पुसत बाहेर आली. थोरलीसमोर बसली. निऱ्या एका बाजूला ओढल्या गेल्या होत्या, त्या तिनं एकेक करून सारख्या केल्या, काठ पुढे ओढला, पुन्हा हळदकुंकू वाहिलं. उठताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताटावर लाटते."

दुसऱ्या दिवशी विसर्जनाच्या वेळी अक्षता वाहून झाल्या. सून बाजूला सरली. "तुम्हीच हलवा, आत्या. तुमचा हात बसलाय."

पेपरच्या दिवशी दोन वाजल्यापासून मी ओसरीवर बसून होते. मुलगाही कामावर गेला नाही, उगाच मोटारसायकल पुसत बसला. तीन वाजले. मला वाटायचं, ही परीक्षेच्या दारातून परत फिरली असेल. असेल कुठं तरी बाकावर बसलेली, वडा खात. साडेतीनला मला ते सहन होईना, म्हणून मी मुलाला दौंडच्या फलाटाची गोष्ट सांगितली. तो फडकं हातात धरून ऐकत राहिला.

"म्हंजी दौंडचं आजोबा आमच्या आजीला बोलायचं, त्ये खोटंच?"

"खोटंच."

"आन् आजीला कवाच कळलं न्हाई?"

"न्हाई."

त्यानं फडकं झटकलं, घडी केली, परत उलगडलं. "लई वाईट केलंस तू, आई," तो म्हणाला. मी व्हय म्हणाले. पण तो उठून गेला नाही.

पाच वाजून गेले. सव्वापाच. पाच-वीसला फोन वाजला, मुलानं उचलून माझ्या कानाला लावला. मागं पुण्यातल्या गाड्यांचा आवाज, पोरापोरींचा कालवा.

"आजी, वाईट गेला. एक अख्खा प्रश्न लिहायचा राहूनच गेला माझा."

"बसलीस ना?"

"तीन तास. घंटा होईपर्यंत."

"पुढचा पेपर कधी?"

"दोन दिवस आहेत मध्ये."

"मग फोनवर काय बोलत बसलीस. ठेव आणि वही उघड."

तिनं ठेवला. मुलगा म्हणाला, "कसा गेला?"

"वाईट," मी म्हणाले, आणि ऊठ, जरा चहा टाकायला सांग, असं म्हणताना माझ्या लक्षात आलं की सुनेनं तो आधीच टाकला होता आणि दारात उभी राहून ती आमचं सगळं ऐकत होती, पोळपाट काखेत धरून.