ब्रो, ड्यूड आणि गुरगावची खोली

मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटमध्ये दर रविवारी बाबांचे निवृत्त मित्र पोहे खायला जमतात आणि जाताना एक तरी किस्सा मागे ठेवून जातात. सगळे केंद्र सरकारचे जुने अधिकारी. नोकरी सुटली, पण संशय घ्यायची सवय सुटली नाही!

या वेळचा विषय मी. मला ऑफिसजवळ, गुरगावला खोली घ्यायची होती. रोज मेट्रोत निम्मा जीव जातो. बाबांची शंका वेगळीच. फोनवर मी सगळ्यांना 'ड्यूड' म्हणते, ऑफिसातल्या एका अनमोललाच तेवढं 'ब्रो'. हा भेद का?

मी समजावलं. ड्यूड म्हणजे कोणीही, अगदी हँग झालेला लॅपटॉपसुद्धा. ब्रो म्हणजे ज्याच्यासमोर केस न विंचरता बसता येतं असा माणूस.

"म्हणजे ब्रो जास्त जवळचा," बाबा म्हणाले आणि त्यांनी आईकडे असं पाहिलं, जणू मी कबुलीजबाबच दिला.

पुढच्या रविवारी प्रकरण वानखेडेकाकांकडे गेलं. काका मूळचे नागपूरचे, अख्खी नोकरी खात्यातल्या चौकशा करण्यात गेली. त्यांनी आधी नातीवर प्रयोग केला. 'ड्यूड' म्हटल्यावर ती हसली. 'ब्रो' म्हटल्यावर तिने विचारलं, "आजोबा, काय काम आहे?"

काकांचा निष्कर्ष: ब्रो म्हणणाऱ्याला काहीतरी हवं असतं.

आईची पद्धत वेगळी. एकदा भाजी चिरताना ती मलाच म्हणाली, "ब्रो, लसूण सोलून दे." मी मुकाट्याने सोलला. मग तिने बाबांना रिपोर्ट दिला, "मला तर म्हणताना काहीच वाटलं नाही."

शेवटी मी वैतागले. म्हटलं, यार, त्यालाच बोलवा. तो नुसता मित्र आहे अशी तुमची खात्री पटली तर खोली पक्की. बाबा लगेच कबूल!

अनमोल आला. दिल्लीचाच मुलगा. वर्षभरात 'ब्रो, चल' आणि 'ब्रो, तेरा डब्बा मैंने खा लिया' यापलीकडे माझ्याशी फारसं बोललेला नाही. आज इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या पाया पडला. काकांनी हिंदीत विचारलं, आमची मुलगी ऑफिसात कशी आहे?

माझी खोली आता त्याच्या एका वाक्यावर अवलंबून होती. मी डोळ्यांनी खुणावलं, ब्रो म्हण.

अनमोल मान खाली घालून म्हणाला, "जी, मुक्ताजी बहुत अच्छी हैं."

काकांनी चष्मा काढून पुसला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी अनमोलकडे. त्याचे कान लाल झाले होते.

आई खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

"बेटा, घर में कौन-कौन है?"