पेशी पुरेशा नव्हत्या

चार वर्षांपूर्वी बायकोच्या थायरॉइडमध्ये जेमतेम सेंटिमीटरभराची गाठ सोनोग्राफीत दिसली. लहान असली तरी तिच्या कडा वेड्यावाकड्या होत्या, म्हणून डॉक्टरांनी बारीक सुईने पेशी काढून तपासायला सांगितल्या. बायको मान मागे टाकून, आवंढाही न गिळता टेबलावर पडून राहिली. बाहेर बाकावर माझेच तळवे ओले झाले होते.

रिपोर्ट आणायला डोंबिवलीहून ठाण्याला मी एकटाच गेलो. माजिवड्याच्या बसस्टॉपवर पाकीट फोडलं. पेशी पुरेशा मिळाल्या नाहीत, तपासणी पुन्हा करावी, एवढंच त्यात होतं. पण दुसऱ्या सुईत कॅन्सर निघाला तर? घरी तिने दारातच विचारलं, "काय आलं?"

"साधी गाठ आहे," मी म्हणालो.

तिने तिथूनच देव्हाऱ्याला हात जोडले. माहेरच्या देवीला तिने नवस केला होता, हे मला तेव्हा कळलं. पुढच्याच आठवड्यात आम्ही कोकणात गेलो. तिने ओटी भरली. गुरव गाऱ्हाणं घालत होता, मी शेजारी नारळ धरून उभा होतो.

रिपोर्ट फाडायचा धीर झाला नाही. तो मी तिच्या फाइलीत तळाशी सरकवला. नंतरचे पाच महिने मी तिचा गळा बघत जेवलो. ती खोकली की मी घास खाली ठेवायचो.

"अहो, टक लावून काय बघताय? या वयात?" ती हसायची.

मग एका रविवारी ठाण्याहून मुलगी आली. आईच्या शुगरचे कागद शोधताना तिच्या हाती तो रिपोर्ट लागला.

"आई! पुन्हा सुई करायला सांगितलेली ना? पाच महिने झाले! बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

बायकोने कागद घेतला, वाचला, मग माझ्याकडे पाहिलं.

"त्यांना ओरडू नकोस. मीच नको म्हटलं. सुई बघितली की पाय कापतात माझे."

मी फाइल आवरायला घेतली. मुलगी गेल्यावर बायको एवढंच म्हणाली, "निदान देवीसमोर तरी बोलायचं होतंत."

दुसऱ्या सुईचा निकाल यायला आठवडा लागला. तो आठवडाभर ती माझ्याशी नेहमीसारखीच बोलली. त्याचीच मला जास्त भीती वाटली. गाठ निरुपद्रवी निघाली. वर्षाने सोनोग्राफी करून बघायची, बस.

पण अजूनही, नुसतं रक्त द्यायला गेलो तरी मुलगी म्हणते, "आईला धरून ठेवा हं, पळेल!" बायको हसत हात पुढे करते. मीही हसत आलो आहे.

येत्या रविवारी हे मी मुलीला वाचून दाखवणार आहे. बायकोच्या समोर.