बिनपगारी तासांची मोजणी

आमच्या सांख्यिकी खात्यात तिला सगळे मोजणीबाई म्हणायचे. मोजणी करणारे आम्ही बाराजण होतो, पण नाव चिकटलं तिलाच, कारण घरोघरी जाऊन माणसाला बोलतं करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तोंडावर दार आपटलं तरी ही पुन्हा बेल वाजवायची आणि फॉर्म भरूनच परतायची. माझं टेबल तिच्या शेजारी, म्हणून हे सगळं मला जवळून ठाऊक आहे.

त्या वर्षी वरून नवं काम आलं. सेवाभावी संस्था आणि तिथे बिनपगारी राबणारी माणसं देशाच्या उत्पन्नात किती भर घालतात, ते काढायचं. गेल्या चार आठवड्यांत परक्यांसाठी फुकट किती तास काम केलं ते विचारायचं आणि तेच काम पगारावर करणाऱ्याच्या मजुरीने त्या तासांना गुणायचं. विचारायचं काम तिचं, गुणायचं माझं.

पहिल्याच आठवड्यात ती वैतागून आली. "अरे, कोणी कबूलच होत नाही! शेजारच्या आंधळ्या आजोबांना रोज तासभर पेपर वाचून दाखवणारी बाई मला म्हणते, छे हो, मी कुठे काय करते!"

मग ती हट्टाला पेटली. तिची थोरली बहीण, आम्हीही तिला ताईच म्हणायचो, रोज दुपारी सरकारी इस्पितळात जायची. ज्यांचं कोणी येत नाही अशा पेशंटना भरवायची. अशा चाळीस बायकांची एक संस्थाच होती. मोजणीबाईने सगळ्यांना वह्या दिल्या.

"याची कसली गं नोंद?" ताई हसली. "उद्या श्वास घेतलेला पण लिहून मागशील."

"लिही गं ताई. लिहिलं नाही की केलंच नाही असं होतं."

बायकांनी वर्षभर लिहिलं. इतक्या नीट वह्या कुठेच निघाल्या नाहीत, म्हणून अहवालात ताईच्या इस्पितळातल्या वॉर्डाचं उदाहरण सबंध पानभर छापून आलं. साहेबांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. तिने तो अहवाल घरी नेऊन ताईला वाचून दाखवला.

तीन महिन्यांनी जेवणाच्या सुट्टीत ताई ऑफिसात आली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"मावशींना काढलं," ती म्हणाली. "धरून पाचजणींना काढलं."

मावशी म्हणजे वॉर्डातली आया. एकोणीस वर्षं कंत्राटावर. त्यांनी पेशंटला उचलून बसतं करायचं आणि ताईने भरवायचं, अशी दोघींची जोडी. ताईने पर्समधून इस्पितळाच्या पत्राची नक्कल काढली. भरवण्याचं काम स्वयंसेविका करतातच, त्याची किंमत सांख्यिकी खात्यानेच काढली आहे, तेव्हा तेवढा खर्च वाचवता येईल, असं त्यात सरळ लिहिलं होतं.

मोजणीबाईने पत्र दोनदा वाचलं. "अगं, मी तर तुमचं काम लोकांना दिसावं म्हणून..."

"दिसलं की. चांगलंच दिसलं." एवढं बोलून ताई निघून गेली.

मोजणीबाई तडक साहेबांकडे गेली. दार उघडंच होतं.

"आपण फक्त मोजतो," साहेब म्हणाले. "त्या आकड्याचं पुढे कोण काय करतं, ते आपल्या हातात नाही."

"गुणताना मजुरी मावशींचीच धरली होती, साहेब."

साहेबांनी पुढची फाइल ओढली.

संध्याकाळी ती मावशींच्या घरी गेली. मला सोबत नेलं. एकटीने जायचा धीर नव्हता. दोन खोल्या, आतल्या खाटेवर आजारी नवरा. मावशींनी आदळआपट केली नाही. पाणी दिलं आणि विचारलं, "तुमच्या त्या कागदात माझं काही होतं का हो?"

"नाही. तुमचं काम पगारी. ते वेगळ्या मोजणीत येतं."

"असं होय. आणि ड्यूटी संपल्यावर मी अर्धा तास थांबायचे, म्हाताऱ्या बायकांचे केस विंचरायला. ते कशात येतं?"

मोजणीबाईने हजारो लोकांना फुकट कामाच्या तासांचा प्रश्न विचारला होता. मावशींना विचारायचं तिला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं त्या वह्या घेऊन बसलो. रोज किती पेशंटना भरवलं, तेही बायकांनी लिहून ठेवलं होतं. मावशी रजेवर असायच्या त्या दिवशी बायकांच्या हातून निम्म्याच पेशंटचं खाणं होत होतं, कारण उचलायला कोणी नसायचं. तिने हे आकडे स्वतःच्या सहीने इस्पितळाला पाठवले. खात्याची माहिती परवानगीशिवाय बाहेर दिली म्हणून तिला नोटीस आली. माझं नाव तिने सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही, हे लिहायला आजही जड जातं. तिची बदली तळमजल्यावरच्या रेकॉर्ड रूममध्ये झाली.

इस्पितळाने पाचपैकी दोघींना परत घेतलं. मावशींना वयाचं कारण दाखवून नाही घेतलं. त्या आता दोन इमारतींचे जिने धुतात.

संस्थेतल्या काही बायका काम बंद ठेवायचं म्हणत होत्या. ताईच तयार झाली नाही. "आपण रुसलो तर उपाशी कोण राहणार? साहेब लोक?" ती जातच राहिली. पेशंटना आता स्वतःच उचलते, कंबरेला पट्टा बांधून. वही मात्र तिने लिहायची सोडली, आणि तिचं बघून बाकीच्यांनीही.

पुढच्या फेरीत संस्थेचे फॉर्म कोरे आले. त्या इस्पितळाचा आकडा शून्यावर आला आणि लोकांमधली सेवावृत्ती आटत चालल्याची बातमी पेपरात आली. मी ते पान तळमजल्यावर नेऊन मोजणीबाईला दाखवलं.

तिने शेवटपर्यंत वाचलं. "ताई आत्ता वॉर्डात असेल," ती म्हणाली, आणि डोळे पुसून पुन्हा गठ्ठे बांधायला लागली.