जकात नाक्यामागचा व्हॉल्व्ह

लातूर जिल्हा नवा होऊन चार वर्षं झाली होती, पण गावच्या नळांना पाणी आठवड्यातून एकदाच येई. तलावाचा तळ दिसू लागलेला. आठवडाभर उंच टाकीत साठेल तेवढंच वाटायचं. ते सोडण्याचं काम नगरपालिकेच्या केरबाकडे. भीमनगरातला हा माणूस व्हॉल्व्हची कमरेएवढी लोखंडी चावी सायकलीला बांधून फिरे.

पेठेची पाळी शेवटची. त्या उन्हाळ्यात तिथलं पाणी दहा मिनिटांत जाऊ लागलं आणि सगळ्यांच्या नजरा केरबाकडे वळल्या. सभेत पेठेचे नगरसेवक गुरुबसप्पा सावकाश म्हणाले, "चावी ज्याच्या हातात, पाणी त्याच्या गल्लीत." ठराव झाला: चावी मुख्याधिकारी साहेबांच्या कपाटात ठेवायची, पाणी सोडताना केरबासोबत दोन साक्षीदार.

"आपल्या नळाला तर करंगळीएवढी धार," घरी बायको पंचशीला म्हणाली.

"म्हनूनच म्हनतो, कुनीतरी पानी चोरायलंय."

जकात नाक्यामागे टाकीच्या मुख्य नळावरचा एक व्हॉल्व्ह कायम बंद असे. केरबाने तो तपासला, तर दोन आटे सैल. म्हणजे गावात दुसरी चावी होती. आता त्याला साक्षीदारांचा, साहेबांचा, खुद्द गुरुबसप्पांचाही संशय येऊ लागला. त्याने व्हॉल्व्हला ओला चुना फासला. पंचशीलेलाही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी चुना तडकलेला होता; पुन्हा फासला, तर तिसऱ्या दिवशीही तेच. मग तो भर दुपारी समोरच्या कडुलिंबाखाली जाऊन बसला.

एकच्या सुमारास नगरपालिकेचा आगीचा बंब आला. ड्रायव्हर शेषेराव चावी घेऊन उतरला.

"ही कुठून आनली?"

शेषेराव दचकला. "गॅरेजात पडलेली. जनावरांच्या छावणीतला कडबा पेटला तर बंब भरलेला पायजे, असा ठराव हाय. पानी कुठून घ्यायचं, ते ठरावात न्हाई."

"आन् रोज भरतोस? रोज आग लागती व्हय?"

शेषेरावाने टाकीच्या बुडाकडे बोट केलं. गंजलेल्या सांध्यातून पाणी ठिबकत होतं. "तीन अर्ज दिले."

केरबाचा विश्वास बसेना. बंबामागोमाग तो गॅरेजला गेला, टाकीत काठी बुडवून खूण केली आणि तिथंच ठाण मांडलं. दिवस मावळेपर्यंत पाणी वीतभर उतरलं. तेव्हा कुठं त्याला पटलं.

पुढच्या सभेत त्याने हे सारं सांगितलं. बंबाची टाकी सांधायची आणि तो जिनिंग कारखान्याच्या विहिरीवर भरायचा, असं ठरलं. गुरुबसप्पा कागद चाळत राहिले.

"चावी केरबाला द्या. साक्षीदार आता नकोत," नगराध्यक्ष म्हणाले.

"साक्षीदार ऱ्हाऊ द्या, साहेब," केरबा म्हणाला. "उद्या पानी कमी आलं की लोक पुन्हा माझ्याकडंच बघतील. फकस्त एक साक्षीदार गुरुबसप्पाअण्णा असावेत."

नाही म्हणायची सोय गुरुबसप्पांना उरली नव्हती.

पुढच्या पाळीला धोतराचा सोगा धरून ते उन्हात व्हॉल्व्हच्या खड्ड्याशी उभे राहिले. पेठेत पाऊण तास पाणी चाललं. ते संपल्यावर त्यांनी टोपी काढून घाम पुसला.

"तुमच्या नळाला किती येतं, केरबा?"

"येऊन बघा, अण्णा."

गुरुबसप्पांनी टोपी परत घातली. मग निवडणूक नसतानाही ते भीमनगराच्या वाटेला लागले.