दुकानाची पायरी

जानराव मडावी गेल्याचं मला दुकानात कळलं. त्यांची सून शेंगदाण्याच्या पोत्यापाशी उभी राहिली आणि "शेठ, मामाजी गेले" एवढंच म्हणाली... माझी नजर आधी गेली ती पायरीकडे. महिना उलटला, अजून जाते.

जंगलखात्यात मजुरी करणारे जानराव हिंगणीतल्या माझ्या दुकानात रोज बिडी घ्यायला यायचे. चप्पल रस्त्यावर काढायची आणि दगडी पायरीवर पाय न देता लांब ढांग टाकून थेट आत. मी थट्टा करायचो, "जानरावभाऊ, पायरी चावते का तुम्हाले?" ते नुसते हसायचे. मग गावाबाहेर नाल्याकाठी असलेली गोंडांची जुनी दफनभूमी वाचवायचं त्यांनी मनावर घेतलं. तिथे प्रत्येक गेलेल्या माणसाच्या नावानं एक दगड उभा. पण झुडपं माजलेली, आणि शेजारचा नांगर दरवर्षी हातभर आत सरकायचा. जानराव वर्गणीला निघाले आणि गाव असं पेटलं की विचारू नका. कुणी कुंपणाची तार दिली, कुणी दिवसाची मजुरी. मीही ऐटीत गल्ल्यात हात घातला.

"पैसे राहू द्या, शेठ. मले हे पायरी पायजे."

मला काही कळेना.

"माह्या आज्याचा दगड हाय तो."

दुकान बांधताना माझ्या वडिलांनी नाल्याकाठचा सपाट दगड म्हणून तो उचलून आणला होता. त्यावर उभा राहून मी वर्षानुवर्षं दात घासले होते. "मंग सांगतलं काऊन नाई?" मी जवळजवळ ओरडलोच. "तुमच्या बापानं हौसेनं बसवला होता," ते म्हणाले, "कसं सांगू?" लाज वाटली, आणि त्यांचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहार घेऊन मीच पायरी उखडली. काय दिवस होता तो... बैलबंडीत दगड, पुढे ढोल, मागे सगळा बाजार दुकानं बंद करून. दगड उभा राहिला तेव्हा जानरावांनी माझा हात धरून त्यावर ठेवला. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

परवा त्याच्याच शेजारी जानरावांचा दगड बसला. सून म्हणाली, "मामाजी सांगून गेले, पह्यला हात शेठचा." मी हात लावला, मनसोक्त रडलो आणि दुकानावर परतलो. तिथे आता सिमेंटची पायरी आहे. ती कुणाच्याही नावाची नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मी चप्पल रस्त्यावर काढली आणि लांब ढांग टाकून आत गेलो.